व्याह्यांचे पणजोबा

अमेरिकेत मुलाकडे राहायला आलेल्या निवृत्त माणसाला दोनच कामं असतात. डिशवॉशरमधली भांडी काढून चुकीच्या कपाटात लावायची आणि थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही. दोन्ही मी मनापासून करत होतो. तेवढ्यात आमच्या व्याह्यांना पूर्वज शोधायचा नाद लागला.

व्याही शिकागोचे. जन्मानं अमेरिकन, आडनावानं पोलिश आणि जेवणानं इटालियन. आडनाव इथे देत नाही. लपवायचंय म्हणून नव्हे, ते नेमकं काय होतं याचाच तपास अजून चालू आहे म्हणून. शेवटी 'स्की' आहे, एवढ्यावर घरात एकमत आहे. निवृत्त झाल्यावर व्याह्यांनी आधी गॅरेज आवरलं, मग कुंपण रंगवलं, मग गॅरेज पुन्हा आवरलं, आणि घरात आवरण्यासारखं काही उरेना तेव्हा ते खानदानाकडे वळले.

सूनबाईनं त्यांना सांगून टाकलं की माझ्या सासऱ्यांनी जन्मभर जुनी दप्तरंच चाळली आहेत. हे खरं आहे. मी तलाठी होतो. सात-बारा, आठ-अ, फेरफार आणि वारस नोंदी यांत माझी हयात गेली. मेलेला माणूस कागदावर किती वर्षं जिवंत राहू शकतो, हे माझ्याइतकं डॉक्टरांनाही ठाऊक नसेल. पण विमानतळावर उतरल्यापासून या ज्ञानाची कुणी विचारपूस केली नव्हती. त्यामुळे व्याह्यांनी मदत मागितली तेव्हा मी आढेवेढे घेण्याचा शिष्टाचारसुद्धा पाळला नाही.

"तुमच्याकडे आत्ता काय काय माहिती आहे?" मी खुर्ची पुढे ओढून तलाठ्याच्या आवाजात विचारलं.

"सगळी," व्याही म्हणाले. "तीन भाऊ पोलंडहून आले. घराणं उमरावांचं. एलिस आयलंडवरच्या कारकुनानं आडनावाची वाट लावली. गाव क्राकूफजवळ."

या चार वाक्यांपैकी आज एकच कसंबसं तग धरून आहे आणि त्यावरून घरात दोन तट पडले आहेत. पण ते पुढे येईल.

मी उत्साहानं कोल्हापूरला थोरल्या बंधूंना फोन केला. अण्णांना दम निघेना. "पोलिश? मग वळिवड्याचे असणार!" दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटून इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, त्यातही बायका आणि मुलंच जास्त, 1943 ते 1948 या काळात आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. आमच्या पिढीतल्या प्रत्येक कोल्हापूरकराचे वडील त्या छावणीत दूध घालत असत. सगळ्यांनी खरोखर घातलं असतं तर ती पाच हजार माणसं दुधात बुडाली असती.

"अण्णा, यांचे पणजोबा 1907 सालीच शिकागोला आले."

"मग मध्ये येऊन गेले असतील. तू विचार तरी!"

आम्ही सुरुवात जनगणनेपासून केली. अमेरिकेत दर दहा वर्षांनी घरोघर जाऊन माणसं मोजतात आणि 72 वर्षं उलटली की ते कागद सगळ्यांना बघायला खुले करतात. म्हणजे शेजाऱ्याचं खरं वय कळतं, पण तोवर शेजारी राहिलेला नसतो. व्याह्यांनी जन्मदेशाच्या रकान्यात पोलंड शोधायला घेतलं आणि 1910 च्या कागदांत पोलंड काही सापडेना. सापडणार कुठून? 1772, 1793 आणि 1795 अशा तीन हप्त्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो देश वाटून खाल्ला होता. तो नकाशावर परत आला थेट 1918 मध्ये. पणजोबा रशियाच्या वाट्याला आलेल्या भागातले, पणजी ऑस्ट्रियाच्या गॅलिशियातली. एकच भाषा बोलणारी आणि एकाच देवाला भजणारी ही दोन माणसं एकमेकांना भेटायला शिकागोपर्यंत आली. तिथल्या जनगणनेच्या कारकुनानं 1910 मध्ये एकाला रशियात जन्माला घातलं आणि दुसरीला ऑस्ट्रियात. 1920 मध्ये दोघंही पोलंडमध्ये जन्मली. दरम्यान पणजी दहा वर्षांत फक्त सहा वर्षांनी मोठी झाली होती.

"तिचं वय चुकलंय," व्याही म्हणाले.

"चुकलेलं नाही," विहीणबाई आतून म्हणाल्या. "सांगितलेलं आहे."

नवशिक्या वंशशोधकाला न सापडलेल्या प्रत्येक कागदाचं एकच कारण ठाऊक असतं, ते म्हणजे आग. 1890 च्या जनगणनेचे कागद 1921 मध्ये वॉशिंग्टनला आग लागून जवळजवळ सगळे गेले, हे वाचल्यापासून व्याही जे मिळेना त्याचं खापर त्या आगीवर फोडू लागले. पणजोबा 1907 मध्ये आले, तेव्हा 1890 च्या यादीत ते असण्याचं कारणच नाही, हे मी दोनतीनदा सांगून पाहिलं. मग त्यांनी दुसरी आग काढली. स्थलांतरितांची तपासणी जिथे व्हायची त्या एलिस आयलंडची लाकडी इमारत 1897 मध्ये जळाली होती. तीही पणजोबांच्या आधीच, पण व्याह्यांना तेवढंच समाधान. विहीणबाई मूळच्या आयरिश. त्यांच्याकडे सर्वांत चांगली आग आहे: 1922 मध्ये डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला. त्यामुळे त्यांचे सगळे पूर्वज राजे होते आणि त्याला कुणाचीही हरकत येऊ शकत नाही.

जहाजाची यादी मात्र सापडली. एलिस आयलंडवर उतरलेल्यांच्या याद्या वाचताना मला परमानंद झाला, कारण त्यांत रकानेच रकाने आहेत. नाव, वय, धंदा, लिहिता-वाचता येतं का, तिकिटाचे पैसे कुणी भरले, खिशात किती डॉलर, उंची, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग. मध्येच एक रकाना आपण बहुपत्नीक आहात का, आणि त्याच्या शेजारी आपण अराजकवादी आहात का. बारा डॉलर खिशात घालून निघालेल्या पंचवीस वर्षांच्या शेतमजुरानं दोन्ही प्रश्नांना 'नाही' म्हटलं होतं. अख्ख्या पानावर कुणीच 'हो' म्हटलं नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्या सरकारला यापेक्षा वेगळं काय अपेक्षित होतं कोण जाणे, पण रकाना आहे म्हटल्यावर तो भरायचा असतो हे मला मान्य आहे. शिवाय 'कुणाकडे जाणार' असा एक रकाना. पानावरचे निम्मे पुरुष मेव्हण्याकडे निघाले होते. शिकागोचे कत्तलखाने आणि पोलादाचे कारखाने भांडवलदारांनी उभारले असं इतिहासात लिहिलेलं असतं. ती यादी बघितली तर ते मेव्हण्यांनी चालवले असं दिसतं.

आडनावाची वाट लावणारा कारकूनही या यादीनं निकालात काढला. या याद्या एलिस आयलंडवर तयार होतच नसत. त्या जहाज कंपनीचे लोक युरोपात निघण्याच्या बंदरावर लिहीत. एलिस आयलंडवर नुसती ताडून बघायचे, आणि तिथे दुभाषेही असत. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेल्लो ला ग्वार्दिया हे तरुणपणी तिथे दुभाष्याचीच नोकरी करत. आडनावं बदलली ती नंतर: फोरमननं, शाळामास्तरांनी आणि बहुतेक वेळा ज्याचं त्यानंच. हे ऐकून व्याही खट्टू झाले. शंभर वर्षं एका कारकुनाला शिव्या घालणाऱ्या घराण्याचा कारकूनच काढून घेतला, की मागे राहतं काय? मी स्वतः कारकुनी परंपरेतला असल्यामुळे मला बरं वाटलं.

उमराव मात्र सुटेनात. जुन्या पोलंडमध्ये उमराव तसे पुष्कळ. शंभरातले आठ-दहा तरी असावेत असं म्हणतात. पण 'स्की' लागला म्हणजे उमराव असं काही नाही, तो कुळांनीही लावला आणि लोहारांनीही. शिवाय तिकडे एकच राजचिन्ह एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली कितीतरी घराणी वापरत. व्याह्यांनी एका दुकानातून आडनावाचं राजचिन्ह छापलेला कप आणला होता. मी त्यांना समजावलं, "आमच्याकडेही प्रत्येक घराचा मूळ पुरुष पानिपतावर पडलेला असतो. घरी थांबून म्हशी राखल्या असा पूर्वज अख्ख्या महाराष्ट्रात एकाचाही नाही."

"म्हणजे तुमचे पूर्वज खरोखर पानिपतावर पडले?" त्यांनी आदरानं विचारलं.

मी म्हटलं, "आमच्या बाबतीत ते खरं आहे."

आता गाव. यादीत जन्मगाव लिहिलं होतं नोवा व्येश, म्हणजे नवं गाव. क्राकूफ नव्हे. क्राकूफजवळ वगैरे सगळं नंतरचं. गडहिंग्लजचा माणूस मुंबईत 'आम्ही कोल्हापूरचे' म्हणतो, तेवढ्यापुरतं. व्याही नकाशा घेऊन बसले आणि त्यांना नोवा व्येश सापडलं. मग दुसरं सापडलं. जेवणाची वेळ होईपर्यंत ती इतकी सापडली की टेबलावर नकाशा दिसेना, नुसत्या टाचण्या दिसत होत्या. पोलंडमध्ये या नावाची गावं डझनांनी आहेत. 1880 ते 1902 या काळात तिकडे एक भलाथोरला भौगोलिक कोश निघाला. पंधरा खंड आहेत आणि त्यात गावागणिक घरं किती, वस्ती किती, चर्च कुठलं, सगळं दिलेलं आहे. मला तो वाचताच येत नव्हता, तरी मी तो उघडून तासभर कौतुकानं बघितला. त्यातही एकामागून एक नवी गावं निघत गेली. सगळी दीडशे-दोनशे वर्षं जुनी.

त्या रात्री व्याह्यांचा धीर सुटला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी त्र्यंबकेश्वराची गोष्ट सांगितली. तिथे आमच्या तीर्थोपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारून वही काढली आणि माझ्या आजोबांची सही माझ्यापुढे ठेवली, तीही चहा यायच्या आत. व्याह्यांचे डोळे लकाकले.

"त्या वहीत आमचं आडनाव असेल का?"

"तुमच्यापैकी कुणी त्र्यंबकला आलं होतं का?"

"बघायला काय हरकत आहे?"

हे मी अण्णांना फोनवर सांगितलं. "असणारच," अण्णा म्हणाले. "वळिवड्याहून जाऊन आले असतील."

पोलंडच्या लोकांबद्दल एक मात्र म्हटलं पाहिजे. तिथल्या सरकारी दप्तरखान्यानं चर्चच्या जुन्या नोंदींची ढीगभर छायाचित्रं फुकट बघायला ठेवली आहेत, आणि पोलिश वंशशोध मंडळाचे हौशी लोक 'गेनेतेका' नावाची सूची वर्षानुवर्षं पदरमोड करून भरत आहेत. त्या सूचीत पणजोबांच्या नावाचे, त्यांच्याच वयाचे चार वोइचेख निघाले, चार वेगवेगळ्या नव्या गावांत. व्याह्यांनी चौघांची गावं पाहिली आणि ज्या गावात जहागीरदाराचा वाडा होता तिथल्या वोइचेखला पणजोबा म्हणून पसंत केलं.

त्याची जन्मनोंद आम्ही कागदावर छापून घेतली. मला मोडी वाचता येते, तेव्हा रशियनही येईल असा माझा अंदाज होता. मिलवॉकी अव्हेन्यूवरच्या पोलिश बेकरीतल्या बाईंकडे कागद नेला. त्यांनी तो आधी सरळ केला आणि मग सांगितलं की ही रशियन आहे, मला येत नाही. 1868 पासून रशियाच्या ताब्यातल्या भागात नोंदी रशियन भाषेत लिहायचं फर्मान होतं. शेवटी मुलाच्या शेजारच्या युक्रेनी गृहस्थांनी ती नोंद मोठ्यानं वाचली आणि सूनबाईनं मला सांगितली: अमुक गावी, अमुक तारखेस, दुपारी दोन वाजता, अमुक इसम, वय तीस, धंदा शेतमजुरी, दोन साक्षीदारांसमक्ष हजर झाला. त्यानं पुरुष जातीचं एक बालक आम्हांस दाखवलं. सदर मजकूर हजर इसमांस वाचून दाखवला. त्यांस लिहिता येत नसल्यामुळे आम्हीच सही केली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा पंचनामा होता! आमच्याकडे चोरीचा करतात तसा तिथे पाळण्यातल्या पोराचा केला होता. साक्षीदारांची वयंही पंचांच्या शिस्तीत होती, एक चाळीस आणि एक पन्नास. त्रेचाळीस वर्षांचा साक्षीदार मीही उभ्या नोकरीत पाहिलेला नाही. जन्माच्या मात्र दोन तारखा होत्या, एक रशियाच्या जुन्या पंचांगाची आणि एक बाकीच्या जगाची, मध्ये बारा दिवसांचं अंतर. व्याह्यांनी दोन्ही दिवशी केक आणायचं ठरवलं. हे पणजोबा आपलेच कशावरून, हा माझा प्रश्न त्यांना अप्रस्तुत वाटला.

आता तीन भाऊ. पुरावा व्याह्यांनी फायलीत लावूनच ठेवला होता. 1910 च्या जनगणनेत वोइचेख. 1920 मध्ये आल्बर्ट. 1930 मध्ये जॉर्ज. पत्ते तीन, आडनावाची स्पेलिंगं तीन. मग चर्चच्या लॅटिन वहीत पणजीचं लग्न सापडलं. नवऱ्याचं नाव आदालबेर्तुस.

"चौथा भाऊ!" व्याही ओरडले.

मी फाईल मागून घेतली. "चौघांच्या बायकोचं नाव व्हिक्टोरिया आहे."

"त्या काळात फार चालायचं ते नाव."

"मुलं स्तानिस्वाफ, हेलेना, योझेफ. जनगणनेतल्या तिघांकडेही, याच क्रमानं?"

"आमच्यात तशी परंपरा असेल."

बेकरीतल्या बाईंनी पाव बांधता बांधता निकाल दिला. वोइचेख नावाच्या संतानं पुढे आदालबेर्त हे नाव घेतलं होतं, म्हणून लॅटिन वह्यांत सगळे वोइचेख आदालबेर्तुस होतात. अमेरिकेत आल्यावर तेच आल्बर्ट होतात, कधी जॉर्जही. स्तानिस्वाफचा स्टॅन्ली होतो, व्वादिस्वाफचा वॉल्टर. माझा तलाठी जागा झाला. मी 1918 च्या सैन्यभरतीच्या कार्डावरची आल्बर्टची सही आणि नागरिकत्वाच्या अर्जावरची जॉर्जची सही शेजारी ठेवल्या. दोन्हींची शेपटी एकाच बाजूला वळलेली. शिवाय जॉर्जनं सही करताना आधी 'डब्ल्यू' काढला होता आणि मग तो खोडला होता. मी निवाडा सांगितला: नावं चार, खातेदार एक.

ही बातमी व्याह्यांच्या आत्याबाईंना सांगायला गेलो. नव्वदी ओलांडलेली बाई, पण आवाज मामलेदाराचा. त्यांनी आजोबांना पाहिलेलं आठवत नाही, आजीनं म्हणजे बुशानं सांगितलेल्या गोष्टी मात्र सगळ्या पाठ.

"अशक्य!" त्या म्हणाल्या. "जॉर्ज दारू प्यायचा. वोइचेख रोज पहाटे चर्चला जायचा. आणि आमचे आजोबा आल्बर्ट. त्यांनी कारखान्यात एक खाडा केला नाही."

मला तर त्यात काहीच विसंगत दिसेना. रात्री जॉर्ज प्यायचा, पहाटे वोइचेख माफी मागायला जायचा आणि दिवसा आल्बर्ट हजेरी लावायचा. पण हे मोठ्यानं बोलायची हिंमत झाली नाही. आत्याबाईंच्या हातात काठी होती.

कबरी मोजाव्यात म्हणून आम्ही नाइल्सच्या सेंट आदालबेर्त दफनभूमीत गेलो. दफनभूमीचं नावच पणजोबांचं, तेव्हा माझ्या आशा वाढल्या होत्या. तिथे निम्म्या पोलिश शिकागोनं पथारी पसरलेली आहे. उन्हातान्हात फिरून एक दगड सापडला. नाव तेच, आडनाव तेच. व्याह्यांनी गवत काढलं, दगड पुसला, फुलं ठेवली, प्रार्थना म्हटली. मग खाली बायकोचं नाव दिसलं: मारियान्ना.

"हे आपले नव्हेत," मी म्हटलं.

"राहू दे," व्याही गुडघे झटकत म्हणाले. "यांच्याकडे बरेच दिवसांत कुणी आलेलं दिसत नाही."

वाद मिटावा म्हणून त्यांनी मग थुंकी तपासायला पाठवली. महिन्याभरानं मोठा रंगीत नकाशा आला. त्यात म्हटलं होतं की आपण पूर्व युरोपीय वंशाचे आहात. एवढं तर आडनावावरून पोस्टमनलाही कळलं होतं.

इतक्यात आत्याबाईंनी बिस्किटाच्या डब्यातून एक फोटो काढून पाठवला. तीन पुरुष. तिघांना मिश्या, तिघांचे कोट दुसऱ्यांच्या मापाचे, तिघांची नाकं व्याह्यांची. एका कोपऱ्यात खुर्चीवर पणजी, वय नेहमीप्रमाणे कमी. तेव्हापासून घरात दोन पक्ष आहेत. आत्याबाई, व्याही आणि कोल्हापूरहून अण्णा हे तीन भावांच्या बाजूनं. मी आणि विहीणबाई एका पुरुषाच्या बाजूनं. उरलेले दोघे मेव्हणे आहेत असं आमचं म्हणणं आहे. मेव्हण्याचं नाक व्याह्यांसारखं कसं, याला आमच्याकडे उत्तर नाही. सूनबाई दोन्हीकडे कॉफी पोचवते. फोटोच्या मागे निर्णय असणार म्हणून आम्ही तो उलटा केला. मागे पेन्सिलीनं सुवाच्य पोलिशमध्ये लिहिलं आहे: 'आम्ही. रविवार.'

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. गाव वसवायची वेळ आलीच, तर कृपा करून त्याचं नाव 'नवं गाव' ठेवू नका. आणि घरातले जुने फोटो आजच काढून त्यांच्या मागे नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, पूर्ण आडनावासकट. जमल्यास खरी.